व्यक्तिगत संवाद, परवानगीसह

५ जानेवारी, सकाळ
प्रवेश पक्का. ऑनलाइन पदवी, तंत्रज्ञानाची, घरबसल्या. एक किरकोळ अट आहे: सत्र सुरू होण्याआधी ‘शैक्षणिक लेखन’ नावाची भानगड पास व्हायची. एकच निबंध, बाराशे शब्द, ३१ मार्चच्या आत. नाही जमलं तर प्रवेश रद्द. बाराशे शब्द म्हणजे काय मोठं? कॉलेजातल्या ‘तिला’ मी याहून लांब मेसेज पाठवलेत, तेही अंगठ्याने.
ताईला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, त्या मेसेजना उत्तरं आली होती का रे? ताई तशी प्रेमळ आहे, पण कधी काय बोलावं ते तिला कळत नाही. मागून भावोजी म्हणाले, या खेपेला तरी पूर्ण करा साहेब. मी फोन आपटला. हल्लीचे फोन आपटता येत नाहीत, गादीवर टाकावे लागतात.
निबंध रविवारी एका बैठकीत उरकणे.

११ जानेवारी, रविवार
बैठक झाली. निबंध नाही. टेबल खिडकीपाशी हलवलं. समोर शेजारच्या इमारतीची भिंत आहे, म्हणजे लक्ष विचलित व्हायला नको. भिंतीकडे बघता बघता कॉलेज आठवलं.
नोंद असावी म्हणून लिहितो: कॉलेज मी सोडलं, मला कुणी काढलं नाही. तिसऱ्या वर्षी प्रोजेक्टच्या तोंडी परीक्षेत सरांनी तिच्यादेखत विचारलं, यातलं तू स्वतः काय केलंयस? हा प्रश्न झाला की अपमान? फाइल टेबलावर फेकली आणि निघालो. जिन्यात थांबलो, ती मागून येईल म्हणून. पण माझ्यानंतर तिचाच नंबर होता, ती येणार कशी? एवढं समजून घेण्याइतका मी मोठ्या मनाचा आहे.
पदवी मिळाली की प्रोफाइलवर टाकणार. तिला टॅग करणार नाही. स्वाभिमान आहे. पण तिला दिसेलच.

१८ जानेवारी
विषय ठरला: तंत्रज्ञानामुळे माणसं जवळ येतात का? माझं उत्तर: येतात. बाकीचे शब्द आता आपोआप येतील.

२ फेब्रुवारी
आले. थोडे या वेबसाइटवरून, थोडे त्या. मधले ‘परंतु’ आणि ‘म्हणूनच’ सगळे माझे. पोर्टलवर चढवला. यंत्र म्हणालं, एकसष्ट टक्के मजकूर इतरत्र सापडतो. सापडणारच. खरी गोष्ट सगळीकडे सारखीच असते.

५ फेब्रुवारी, जेवणाची सुट्टी
आता एक लेखन-मार्गदर्शक बाई नेमल्यात. फोटो नाही, आवाज नाही, नुसत्या समासात राहतात. माझ्या प्रत्येक वाक्याशेजारी एकेक प्रश्न: आधार? कशावरून? कोण म्हणतं? आणि शेवटी, विरुद्ध बाजूही मांडा. म्हणजे मीच माझ्याविरुद्ध बोलायचं. त्या कामाला भावोजी आहेत.

१२ फेब्रुवारी
अभ्यास अंगात भिनायला लागलाय. मी लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत तक्रारींचे फोन घेतो. सकाळी एक गृहस्थ ओरडले, लिफ्ट बंद पडलीय. मी शांतपणे म्हटलं, हा तुमचा निष्कर्ष झाला, आधी निरीक्षण सांगा. ते म्हणाले, निरीक्षण असं की मी आत आहे आणि तू मूर्ख आहेस. मी म्हटलं, भाषा सांभाळा. ते म्हणाले, आधी मला बाहेर काढ, मग सांभाळतो.
दुपारी सुपरवायझरने सगळ्यांसमोर रेकॉर्डिंग ऐकवलं. लोक पोट धरून हसले. मेकॅनिक, ज्याला सगळे पाना म्हणतात, तो तेव्हापासून मला ‘प्रोफेसर’ म्हणतोय. लेखी ताकीद मिळाली. तिच्यात दोन वाक्यांना आधार नव्हता, ते मी निदर्शनास आणून दिलं. दुसरी ताकीद मिळाली.

१६ फेब्रुवारी
बाईंना खरमरीत उत्तर पाठवलं. माणसं जवळ येतात हे मला पुस्तकात बघायची गरज नाही, मी ते सोसलंय, तुम्ही समासात बसून काय विचारता, वगैरे. चुका तपासल्या नाहीत. राग ताजा असतानाच पाठवावा.

१७ फेब्रुवारी
बाईंचं उत्तर: तुमचं हे पत्र निबंधापेक्षा चांगलं आहे. स्वतःचा अनुभव लिहा, चालेल. मात्र कुणाचे शब्द वापरले, तर तो ‘व्यक्तिगत संवाद’ धरला जातो. त्या व्यक्तीचं आडनाव, तारीख आणि लेखी परवानगी लागते.
बाई चांगल्या आहेत. मी कधी वाईट म्हटलं नव्हतं.

२३ फेब्रुवारी
नवा निबंध भराभर झाला. सगळा तिच्यावर उभा आहे. एकदा कॉलेजची सहल परत आली, बसमधून उतरताना ती म्हणाली होती, ‘पोचलास की कळव.’ माझ्या युक्तिवादाचा पायाच तो. फोन नसता तर ती असं म्हणाली असती का? मी कळवलं असतं का? मी कळवलं होतं. तिने अंगठा पाठवला होता. तोही उदाहरण म्हणून घेतलाय.
संदर्भसूची आडनावाच्या क्रमाने लावायची असते. ती सगळ्यात वर आली. तज्ज्ञांच्याही वर. सूची बराच वेळ बघत बसलो.
परवानगी मागायला लागेल. मला हौस नाही, विद्यापीठाचा नियम आहे.

९ मार्च, संध्याकाळ
परवानगीचा मसुदा अजून चालू आहे. ‘प्रिय’ लिहावं की ‘मान्यवर’?
आज एक आजी लिफ्टमध्ये अडकल्या. पाना दुसऱ्या टोकाला होता, म्हणून मी त्यांना फोनवर धरून ठेवलं. भाजीची पिशवी आहे, दूध नासेल, एवढीच काळजी. मग माझी चौकशी. जेवतोस कुठे? एकटाच राहतोस? घरी कोण आहे? लग्न झालंय का? मी म्हटलं, प्रक्रियेत आहे. त्या म्हणाल्या, मुलगी काय म्हणते? मी सांगायला सुरुवात केली आणि पाना पोचला. दार उघडल्याचा आवाज आला. फोन बंद.
या आठवड्यातलं माझं सगळ्यात लांब बोलणं ते. त्यांचाही व्यक्तिगत संवाद वापरता आला असता, पण आडनाव विचारायचं राहिलं.

१५ मार्च
पाठवला. ‘नमस्कार. शैक्षणिक कारणासाठी आपल्या एका वाक्याच्या वापरास परवानगी हवी आहे. कळावे.’ खाली वाक्य, खाली सहलीची तारीख. अत्यंत कोरडा. कुणाला संशय येणार नाही.
तारीख मला तोंडपाठ कशी, हे ती विचारील. उत्तर तयार आहे.

२४ मार्च
विचारलं नाही. मेसेज पोचलाय, वाचलेला दिसत नाही. नेटवर्क नसेल. नवा फोन घेतला असेल. की परीक्षा? तिची पदवी केव्हाच झाली असणार, पण माणूस पुढेही शिकतो.
ताईचा फोन. निबंध दिलास का? मी म्हटलं, एका परवानगीसाठी अडलंय. तिने मागचा टीव्ही बंद केला. मग म्हणाली, ती परवानगी नाही मिळाली, तर त्या पोरीला वगळून काही लिहिता येणार नाही का तुला? मी विचारलं, तुला कुणी सांगितलं ती पोरगी आहे म्हणून? भावोजी आज मागून काहीच बोलले नाहीत. ते मला आवडलं नाही.

२९ मार्च, सकाळ
उत्तर आलं.
‘हाय. हो, वापर की. पण ते मी सगळ्यांनाच म्हणायचे, बसमधून उतरताना. सहलीची यादी माझ्याकडे होती ना, सगळे पोचले की खूण करायची असायची. आणि आडनाव बदललंय, नवीन लिही.’
खाली नवीन आडनाव. खाली अंगठा.
दोन वर्षांत पहिल्यांदाच एवढी वाक्यं. हे सकारात्मक आहे. तारीख मला कशी आठवते, तेवढं मात्र तिने विचारलं नाही.

२९ मार्च, दुपार
आडनाव बदललं. सूची पुन्हा लावली. ती शेवटून दुसरी गेली. तिच्यावर आता बॅटऱ्यांवर लिहिणारा कुणीतरी आहे, खाली कुठलीशी समिती.

३१ मार्च
‘पोचलास की कळव’ काढून बघितलं. निबंध उरला सव्वादोनशे शब्दांचा. म्हणून परत ठेवलं. बाई विरुद्ध बाजू मागत होत्या, तिथे तिचं परवाचं म्हणणं जसंच्या तसं घातलं: हे ती सगळ्यांनाच म्हणायची. नवीन आडनाव, तारीख, परवानगीसह. शब्द बरोबर बाराशे. जमा केला.
कामावर गेलो. एकही लिफ्ट अडकली नाही.

९ एप्रिल
उत्तीर्ण. यंत्राला इतरत्र काही सापडलं नाही. बाईंनी समासात लिहिलंय: ‘विरुद्ध बाजू हा निबंधाचा सर्वांत भक्कम भाग. तिच्यापुढे तुमचा मूळ दावा टिकत नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेलच. संदर्भ अचूक. शुभेच्छा.’ आता त्या पुढच्या विद्यार्थ्याच्या समासात गेल्या असतील.
ताईला कळवलं. ती रडली. भावोजींनी फोन घेतला आणि नुसतं शाबास म्हणाले, टोमणा नाही काही नाही. मी फोन गादीवर टाकला नाही, ठेवला.
प्रोफाइलवर टाकलं नाही. एवढ्यात काय टाकायचं.
सत्र सोमवारी सुरू. नोंदणीचं शेवटचं पान भरायचंय. एकच प्रश्न: ही पदवी तुम्हाला कशासाठी हवी आहे? पन्नास शब्द.
सुट्टी घेऊन सकाळपासून बसलोय. अजून एकही झालेला नाही.