नदीपलीकडचा टॉवर

केरी, मंगळवार, दिवेलागण

संसदेत तातडीच्या फोनचा कायदा मंजूर झाला. फोन कुठल्याही राज्यात लागो, आता तो उचलणाऱ्यांनीच योग्य ठिकाणी जोडून द्यायचा. शेजारची शालन धावत सांगायला आली, "काकी, तुमचं गाऱ्हाणं ऐकलं त्यांनी!"

"ऐकलं गो, तुझ्या काकांना स्मशानात पोचवल्यावर."

बिचारी आल्या पावली परतली. तिच्यावर कशाला खेकसले मी?

त्या दिवशी ह्यांच्या छातीत कळ आली आणि ॲम्ब्युलन्ससाठी लावलेला माझा फोन नदीपलीकडच्या टॉवरने ओढला. "मॅडम, हे महाराष्ट्र आहे. गोव्यात लावा." पुन्हा लावला, पुन्हा महाराष्ट्र. शाळेत नन्सनी घोटवून घेतलेलं 'प्लीज' किती वेळा म्हटलं! काय उपयोग? शेवटी हेच म्हणाले, "अगो, चढणीवर जा. थंय गोव्याचा टॉवर गावता." इथे सगळे तसंच करतात. मी धावले. फोन लागला, गाडीही निघाली. खाली आले तेव्हा हे गेले होते. त्यांचा हात धरायलाही कोणी नव्हतं.

मी चढणीवर गेलेच का?

आता लेकीला ही बातमी कळवावी म्हणून फोन उचलला. सवयीने पाय चढणीकडे वळले. पण मी अंगणातच बसून राहिले.