छातीतली शिट्टी

मंगळवार, दिवे लावल्यावर

सूनबाईनं आज मोबाईलवरच्या समद्या भजनांचा आवाज सारका केला. मालकांनी जायच्या वरसी गायलेली भजनं लई बारीक होती. मी म्हनलं, "सासऱ्याचा आवाज वाढवू नगं गं! जित्तेपनी मी लई कष्टानं कमी केलता." सूनबाई लई हसली.

पन आवाज वाढला, तशी गाण्यामागं त्यांच्या छातीतली शिट्टी ऐकू आली. यंत्रमागावरच्या कापसाच्या धुळीनंच नेलं त्यांना. तवा कशी ऐकली न्हाय मी?

मग लेकाचं भजन लागलं, परवाचंच. त्योबी मागावरच हाय.

तितंबी शिट्टी.

"मोबाईलचा आवाज असंल, आत्या," सूनबाई म्हनली.

व्हय म्हनलं.

आत्ता लेक कामावरनं आलाय, जिना चढतुय. जिन्यात धाप लागती म्हनून रोज थट्टा करती त्याची. आज गप बसून ऐकतीया.