तुमचा नेमका विषय कोणता?

शनिवार, संध्याकाळ
रत्नागिरी

झालं एकदाचं. पदवीची शेवटची तोंडी परीक्षा आज दिली. सकाळची पूर्णगडची फेरी संपवून, कंडक्टरचा खाकी गणवेश न बदलताच कॉलेजात गेले. परीक्षक सरांनी गुणपत्रिका उलटसुलट पाहिल्या आणि विचारलं, "रसायनशास्त्र, इतिहास, मग मानसशास्त्र. बाई, तुमचा नेमका विषय कोणता?"

खरंच, कोणता? बाबा गेले तेव्हा रसायनशास्त्र अर्ध्यावर सुटलं. इतिहास धाकटी पोटात असताना केला. मानसशास्त्र घेतलं, कारण त्याचे तास रविवारी होते. नव्या पद्धतीत हे सगळे जुने गुण एका पदवीसाठी एकत्र धरतात, म्हणून तर परत नाव घातलं. पण हे सरांना कसं सांगायचं?

शेवटी म्हटलं, "सर, ज्या वर्षी जे जमलं, ते शिकले."

ते हसले नाहीत. म्हणाले, "मग त्यातलं काय उरलं ते सांगा."

मग मी सुटलेच. खाऱ्या वाऱ्यात गाडीचा पत्रा का गंजतो, पूर्णगडचा किल्ला खाडीच्या तोंडावरच का बांधला, खिडकीच्या जागेवरून माणसं एवढी का भांडतात. सरांनीच थांबवलं. "पुरे. पास आहात." तरी तो प्रश्न दिवसभर डोक्यातून गेला नाही. नेमका विषय कोणता?

घरी सासूबाई मासे साफ करत होत्या. त्यांना सांगताना रडूच आलं.

"पास झालीस ना गो? मग रडतेस कशाला?"

"दमले, आई."

"मग बस. जेवणाचं मी बघते. आज कशाला हात लावू नको."

तशी ओटीवर येऊन बसले. पण नुसतं बसणं जमेना, म्हणून हे लिहितेय.