शेवभाजीला कोणती बाटली

२ सप्टें., मंगळ.
भावेशभाईंच्या रिसॉर्टात शनि-रवि माझी खान्देशी थाळी. पाहुणे बहुतेक सुरतेकडचे, तिकडे दारूबंदी म्हणून इथे सिल्वासात येतात. थाळीबरोबर लाल वाइनचा ग्लास.
आज भाई म्हणाले, "सुमनबेन, गेस्ट कहे छे मोढामां आग लागी. मसाला कम करो."
पाहुण्यांचं तोंड भाजतं म्हणे. नाही करणार. तिखट काढलं तर मागे राहील ते शेवेचं वरण. म्हटलं, तुमची वाइनच चुकीची असेल.
"तो तमे चुनो!" हसून म्हणाले.
बरं. निवडते. भाईंनी तीन लाल बाटल्या हातात दिल्या.

४ सप्टें., गुरु.
दत्ताचा उपास. तिन्ही बाटल्या नुसत्या हुंगल्या.

६ सप्टें., शनि.
गिळायचं नाही. तोंडात घ्यायचं, घोळवायचं, मोरीत चूळ. दारू पोटात जाऊ द्यायची नाही हे देवीचं व्रत, त्याला धक्का नाही.
पहिली, सगळ्यात महाग, काळपट. कच्ची जांभळं खाल्ल्यासारखी जीभ जाड. त्यावर शेवभाजीचा घास घेतला आणि कानापर्यंत जाळ! शेवट कडू. आग लावणारी हीच. मटणाच्या चरबीच्या तुकड्याबरोबर मात्र तुरटपणा गेला, गोड लागली. म्हणजे ही मटणाची, आणि तेही कमी तिखट.
दुसरी गोडूस, अत्तर ओतल्यासारखी. बाद.
तिसरी सगळ्यात स्वस्त. पातळ, करवंदासारखी आंबटगोड, तुरट जवळजवळ नाहीच. अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवून पाहिली. शेवभाजीशी भांडली नाही. भरिताशी तर गट्टीच.
भाईंना पटेना. "बेन, आ तो सस्ती छे." असू दे स्वस्त! कांदा स्वस्त म्हणून भाजीत घालत नाही का?

७ सप्टें., रवि.
चूळ टाकली की शेवटची चव कळत नाही. घशाखाली गेल्यावर मागे काय उरतं ते पाहायचं होतं. एक घोट गिळला. तिसरीचाच, भरिताबरोबर. वांग्याचा धुरकट वास पुन्हा वर आला.
देव्हाऱ्यात आई सप्तशृंगीसमोर सांगून टाकलं. मग दिवा लावला.

१२ सप्टें., शुक्र.
देवळात भजन. भजनी मंडळाच्या प्रमुख सावंत वहिनी माझ्यापासून हातभर लांब बसल्या. मग म्हणाल्या, "सुमनताई, तुम्ही म्हणे बाटल्या चाखता?"
"चाखते. पदार्थाला जोडी शोधते."
मागून कुणीतरी, "आता मांड्यांना पण जोडी शोधा."
सगळ्या हसल्या. मीही हसले असते, पण मांड्यांचं नाव निघालं होतं.
घटस्थापनेचा नैवेद्य नऊ वर्षं माझ्या हातचा. खापरावरचे पुरणाचे मांडे. या कोकणातल्या बायकांना खापर पालथं घालतात हेही मी दाखवलं. यंदा म्हणे विचार करू.
घरी यांना सांगितलं. हे नरोलीच्या कारखान्यातून दमून आलेले. "रिसॉर्ट सोड ना." वाइनचा विटाळ, तर घरातलं मटण कोण सोडतं ते आधी ठरवा म्हटलं. 

१४ सप्टें., रवि.
तिसरी बाटली, गार करून. एकही तक्रार नाही. एका आजोबांनी शेवभाजी दोनदा मागितली. भाईंनी पाटीवर लिहायला लावलं. माझ्याच अक्षरात लिहिलं: शेवभाजी, भरीत – हलकी लाल, गार. मटण – काळी लाल.

१९ सप्टें., शुक्र.
आरतीनंतर वहिनींनी बाजूला घेतलं. आवाज मऊ. "आम्हालाही तुमचेच मांडे हवेत हो. फक्त देवीसमोर म्हणा, थेंबही पोटात गेला नाही. विषय संपला."
सोपं होतं. समोर कुंकवाचं ताट.
म्हटलं, "गेला. एक घोट. तिला माहीत आहे, आता तुम्हालाही."
"अहो, कशाला सांगितलंत?"
"तुम्ही देवीची शपथ घालत होतात."
 प्रसाद मात्र हातावर पडला, वरून, बोट न लावता. खाल्ला.

२१ सप्टें., रवि.
वहिनींचा निरोप नाही. हो नाही, नको नाही.
दुपारी थाळ्या, सव्वीस पानं. घरी येऊन आंघोळ, दिवा.
उद्या घट बसतील. हे म्हणाले, "कुणी बोलावलंय का तुला?"
मंडळाने नाही.
डाळ निवडून ठेवली. सकाळी मांडे करणार आणि देवळात घेऊन जाणार. आत घेतले तर देवीपुढे. नाही घेतले तर पायरीवर पान वाढेन आणि तिथूनच हात जोडेन. तिला दिसतं तिथून.