शेवटच्या प्रकरणाची नक्कल

खंडाळा,
ता. ६ नोव्हेंबर २०२४

चि. प्रतीक्षा हिस,

दादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि. जेवलीस का? वसतिगृहात मोबाइल ठेवू देत नाहीत, त्यामुळे माझं अक्षर टिकून आहे.

‘दिव्याचं बेट’ कादंबरीचं अकरावं प्रकरण सोबत पाठवतो आहे. पानं चौदा. क्रमांक घातले आहेत, मोजून घे. बंगल्याच्या बाईंनी कपाटातली पुस्तकं वाचायची परवानगी दिली आहे, पण पुस्तक फाटकाबाहेर न्यायचं नाही. म्हणून झेरॉक्स काढता येत नाही. दुपारी बागेला पाणी घालून झालं की व्हरांड्यात बसून उतरवतो आणि प्रत्येक ओळ दोनदा ताडून बघतो. शाळा नववीत सुटली, पण शुद्धलेखनाला अजून कोणी नाव ठेवलेलं नाही.

पहिल्या पानावर बाईंच्या मुलीने लिहिलं आहे, की ही तिची सर्वांत आवडती कादंबरी, तेराव्या वर्षी एकदा आणि सोळाव्या वर्षी तीनदा वाचली. ती आता परदेशात असते. पुस्तक इथेच राहिलं.

परवा घरी भाज्याला जाऊन आलो. आई म्हणाली की पोरगी लय वाळली आसंल, तिला म्हणावं दूध पीत जा. नथूमामाही आला होता. त्याचं म्हणणं, आंबीच्या एका कारखान्यात पॅकिंगला मुली घेणार आहेत, तुझी बारावी झाली की तिथे चिकटवू. घरून जाऊन-येऊन करता येईल. मला ते पटलं.

पत्राला उशीर करू नकोस. मी पोस्टमनची वाट बघतो, हे त्यालाही कळलं आहे.

तुझा दादा,
हनुमंत


सातारा,
ता. १६ नोव्हेंबर २०२४

ती. दादास,

प्रतीक्षाचा सा. न. वि. वि. जेवले. पानं चौदाच भरली.

खोलीतल्या सहाही जणी तुझ्या पाकिटाची वाट बघतात. पायल मोठ्याने वाचते. उमेरा रडली आणि सर्दी झाली म्हणाली. कादंबरीतल्या केतकीला शहरातल्या शाळेचं पत्र येतं आणि तिचा बाप ते खिशात ठेवून देतो, तिथे तर पायलला वाचवेनाच. ती म्हणाली की दीपगृह सांभाळणाऱ्या माणसाला सगळ्या जहाजांची काळजी, फक्त पोरीच्या होडीचं नाव काढत नाही.

दादा, मीही तुला एक कागद पाठवला होता. नागपूरच्या नर्सिंग कॉलेजसाठी आमच्या वर्गाच्या बाईंनी माझं नाव सुचवलं आहे. वडील नाहीत, वसतिगृहात पालक म्हणून तुझंच नाव आहे, म्हणून संमतीपत्रावर तुझी सही लागते. एकतीस डिसेंबर शेवटची तारीख. तीन आठवडे झाले, तू त्याबद्दल एक अक्षर लिहिलं नाहीस. पायल म्हणते की तुझा दादा केतकीच्या बापाच्या वळणावर गेलाय. मी तिच्याशी भांडले. मला तोंडघशी पाडू नकोस.

आईला सांग, दूध पिते. पातळ असतं, पण पिते.

तुझी बहीण,
प्रतीक्षा


खंडाळा,
ता. २ डिसेंबर २०२४

चि. प्रतीक्षा हिस,

दादाचे आशीर्वाद. वि. वि. जेवलीस का? इकडे थंडी वाढली आहे. तुझा जाड स्वेटर घरीच राहिला आहे, तो पाठवतो.

हे शेवटचं प्रकरण, पानं नऊ. केतकी होडीत बसते, पण अर्ध्या वाटेवरून होडी वळवायला लावते. दिवा तिच्याच हाताने लागतो. मला हा शेवट योग्य वाटला.

संमतीपत्र नीट ठेवलं आहे, घडीसुद्धा मोडलेली नाही. घाई कशाला? नागपूर म्हणजे रेल्वेने पंधरा तास. मी बंगल्यावर, तू तिकडे. आई म्हणते की एकटीच्या भाकरीसाठी तवा तापवायचा बी कटाळा येतो. हे तिने सहज म्हटलं, मी मुद्दाम लिहीत नाही.

लोभ आहेच, तो जवळच असावा.

तुझा दादा,
हनुमंत


सातारा,
ता. ११ डिसेंबर २०२४

ती. दादास,

सा. न. वि. वि. स्वेटर मिळाला. बाहीचं भोक तू शिवलंस की आईने? टाके इतके मोजून घातलेत, की तूच असशील.

शेवटचं प्रकरण संपलं तेव्हा उमेराने टाळ्या वाजवल्या. मी मात्र पहिल्या पानापासून सगळं पुन्हा वाचलं. अकरा प्रकरणांत केतकीचा बाप तिला एकदाही विचारत नाही, की जेवलीस का. समुद्राकडे बघून बोलणारा माणूस आहे तो. या नऊ पानांत त्याने चार वेळा विचारलं. ज्या बेटावर आजवर केवड्याशिवाय झाड नव्हतं, तिथे करवंदाच्या जाळ्या कुठून आल्या? त्या भाज्याच्या लेण्यांखालच्या आहेत. तिथे आपण दोघं ओरबाडून यायचो आणि आई आधी मारायची, मग हळद लावायची.

हे प्रकरण तू लिहिलं आहेस. चांगलं लिहिलंयस दादा. इतकं, की मला खरंच उठून घरी यावंसं वाटलं. वाचताना मी रडले तीही त्यामुळेच.

पण मला पुस्तकातलं पाठव. सही करायची नसेल तर तसं स्वच्छ लिही, मी आंबीला जाईन आणि तुला बोल लावणार नाही. फक्त केतकीच्या तोंडून सांगू नकोस.

तुझी,
प्रतीक्षा


खंडाळा,
ता. १९ डिसेंबर २०२४

चि. प्रतीक्षा हिस,

दादाचे आशीर्वाद. वि. वि. तुझं पत्र आलं त्या दिवशी बाग पाण्याशिवाय राहिली.

सोबत पुस्तकातलं शेवटचं प्रकरण, पानं सहा. केतकी जाते. बाप धक्क्यावर थांबत नाही, कारण दिव्याची वेळ झालेली असते. तो एकशे चौतीस पायऱ्या चढतो आणि रोजच्यासारखी काच पुसतो. मी उतरवायला बसलो होतो, पण सातव्या ओळीपुढे हात जाईना. म्हणून दुसरं लिहिलं. नक्कल करताना माझी चूक झाली नव्हती कधी. ही जाणूनबुजून केली.

रविवारी भाज्याला जाऊन आईला दोन्ही शेवट वाचून दाखवले. ती म्हणाली की तू पोरीला माघारी आणलंस ते ग्वाड हाय, पर त्या होडीवाल्याचा दिस फुकट घालवलास की रं. मग म्हणाली की भाकरीचं माझं मी बघीन, तू आदी सही कर. मला वाटत होतं, मी तिच्यासाठी थांबलो आहे.

सही केली आहे. आधी कोऱ्या कागदावर अकरा वेळा करून पाहिली, म्हणजे खाडाखोड नको. रजिस्टरने पाठवतो आहे, पोचलं की कळव.

प्रवेश मिळाला, तर जूनमध्ये ट्रंक घेऊन पुणे स्टेशनवर मी येईन. केतकीने मागे वळून पाहिलं नाही, असं पुस्तकात छापलं आहे. तू पाहिलंस तरी चालेल. तेवढं मी कोणाला लिहिणार नाही.

लोभ आहेच, तो पंधरा तास पुरावा.

तुझा दादा,
हनुमंत