चंदरशेठचा लिलाव बंद

लासलगाव,
६ जानेवारी २०२६

श्री. रा. रा. खंडेराव साडूबुवा यांस,
गोरक्षचा सा. न. वि. वि. नमस्कार साष्टांग असला तरी मान ताठच आहे, याची नोंद घ्यावी.

पत्र लिहायची वेळ तुमच्यामुळेच आली. परवा फोनवर कबड्डीवरून वाद झाला आणि रागाच्या भरात तुम्ही माझ्या सासूचा उद्धार केलात. ती तुमचीही सासू लागते, एवढंसुद्धा भान राहिलं नाही! लताने लगेच माझा फोन काढून पिठाच्या डब्यात टाकला. तिकडे ठमाबाईंनी तुमचाही जप्त केला म्हणे. दोघी बहिणींनी ठरवलंय, की कबड्डीवर काय बोलायचं ते कागदावर. लिहायचा कंटाळा असल्याने शिव्या आपोआप कमी होतील असा त्यांचा अंदाज.

तर आता चंदरशेठच्या शिक्षेचं. घोटीत काहीबाही उठलं असेल, म्हणून खरं ते माझ्याकडून ऐका. रविवारी आमच्या ‘लासलगाव लवंगी’चा सामना होता. आमची लेक सायली चढाईला गेली, गडी टिपला, परत येताना मधल्या रेषेला हात लावला, आणि हात पोचलाच नाही म्हणत पंचाने तिलाच बाद दिलं. संघाचे मालक चंदरशेठ उठले, मॅटवर गेले, पंचाच्या तोंडातली शिट्टी काढून खिशात घातली आणि घरी आले. बस्स. ना हाणामारी, ना शिवीगाळ. पायात चपला होत्या हे मान्य. एवढ्यावरून गोदाकाठ लीगच्या शिस्त समितीने त्यांना तीन सामने मैदानबंदी केली, वर शिट्टी परत करा आणि मॅटवर उभं राहून पंचाची माफी मागा असं फर्मान काढलं.

चंदरशेठ कांद्याचे एवढे मोठे व्यापारी. ते माझ्या हॉटेलात बसून म्हणाले, की उभ्या बाजारासमोर ज्याने मान वाकवली नाही, तो शिट्टीवाल्यापुढे हात जोडणार नाही. सगळ्या हॉटेलाने टाळ्या वाजवल्या. समर्थक मंडळाचा अध्यक्ष म्हणून मी सगळ्यांना चहा पाजला. याला म्हणतात मालक! तुमच्या ‘घोटी घारीं’चा मालक सामना चालू असताना डुलक्या काढतो.

बाकी क्षेम. लोभ असू द्या, वाद तर आहेच.
आपला,
गोरक्ष


घोटी,
९ जानेवारी २०२६

चि. नव्हे, पण वागणं चि. सारखंच असलेले गोरक्षराव यांस,
खंडेरावचा आशीर्वाद. थोरल्या बहिणीचा नवरा असल्याने तो द्यायचा माझा हक्क आहे.

पत्र पोचलं. भातगिरणीवर मोठ्याने वाचलं. हमालांनी कामं टाकून ऐकलं आणि दुसऱ्यांदा वाचायला लावलं. आमच्या गिरणीचा निकाल असा, की चंदरशेठला शिक्षा कमीच झाली. आज शिट्टी नेली, उद्या मॅटच गुंडाळून नेईल, आणि तुम्ही मंडळाचे अध्यक्ष म्हणून एक टोक धराल. माणूस साठीला आला तरी लहान पोरासारखा दुसऱ्याची शिट्टी पळवतो आणि तुम्ही टाळ्या वाजवता? धन्य आहे. माफी मागायला असा किती वेळ लागतो हो? मी ठमाची रोज सकाळी मागतो, कशाबद्दल ते दुपारी कळतं.

चेष्टा सोडा. उपांत्य सामना रथसप्तमीला नाशिकला आहे, आणि तो तुमच्या लवंगीचा आणि आमच्या घारींचाच आहे. राज्याच्या कुमारी संघाचे निवडकर्ते तिथे बसणार आहेत. सायली पुढच्या वर्षी वयात बसत नाही. म्हणजे तिला हा एकच सामना. तेव्हा तुमच्या शेठला म्हणावं, शिट्टी कुरियरने पाठव पण गप्प बस. पोरीचं वाटोळं झालं तर मी तुम्हाला सोडणार नाही.

लताबाईंना नमस्कार. तुमच्या मेहुणीचा निरोप आहे, की पिठाचा डबा चाळून घ्या.
आपला हितचिंतक, पण लवंगीचा नव्हे,
खंडेराव


लासलगाव,
१४ जानेवारी २०२६, संक्रांत

रा. रा. खंडेराव यांस,
तिळगूळ घ्या आणि तोंड बंद ठेवा. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मी हॉटेलात कुणाला वाचून दाखवलं नाही, पण चंदरशेठला तुमचं मत सांगितलं. ते हसले. म्हणाले, की घोटीचा माणूस भात सडून सडून मऊ झालाय.

आता पुढची कथा ऐका. शिक्षेत मैदानात येऊ नका असं लिहिलं होतं, मैदानाबाहेर थांबू नका असं कुठे होतं? येवल्याच्या सामन्याला चंदरशेठने कुंपणाला ट्रॅक्टरची ट्रॉली लावली, वर खुर्ची टाकली आणि भाजीवाल्याचा भोंगा हातात घेतला. सामनाभर वरून हुकूम चालू होते, की बोनस घे, पाय धर, कोपरा सोडू नको. प्रशिक्षक उजमा मॅडम आतून एक सांगत होत्या, भोंगा दुसरंच. मधेच कुणीतरी दोन किलो वांगी मागितली. तरी एका गुणाने जिंकलो!

समितीचा तिळपापड झाला. बंदी हंगामभर वाढवली आणि कळवलं, की संघातर्फे कुणा जबाबदार माणसाने मॅटवर माफी मागितल्याशिवाय लवंगीला उपांत्य सामना नाही. त्यावर शेठने टेबलावर हात आपटून सांगितलं, की लिलाव बंद. संघच उतरवणार नाही, बघू कसा सामना घेतात. पहिली घोषणा मी दिली. तुम्हाला भातवाल्यांना कळायचं नाही. आमच्याकडे व्यापाऱ्याचं कुणाशी बिनसलं की लिलाव बंद, आणि दोन-तीन दिवसांत समोरचा चर्चेला येतोच. समितीही येईल. आता माघार नाय.

सायली रुसली आहे. जेवायला वेगळी बसते. लहान आहे, कळेल तिला.

लता तिळगूळ पाठवते आहे, तो गोड मानून घ्या. मला मानलं नाही तरी चालेल.
आपला,
गोरक्ष


लासलगाव,
१५ जानेवारी २०२६

तीर्थस्वरूप काकांस,
सायलीचा वाकून नमस्कार.

आई मावशीला तिळगूळ पाठवते आहे, त्या डब्यात हे पत्र ठेवते. बाबांना माहीत नाही.

काका, समितीकडून चर्चेला कुणी आलेलं नाही आणि येणारही नाही. उजमा मॅडम जाऊन भेटल्या. समिती म्हणते, मालक येत नसेल तर राहू दे, समर्थक मंडळाचा अध्यक्ष संघप्रमुख म्हणून उभा राहिला आणि त्याने माफी मागितली तरी लवंगी खेळेल. अध्यक्ष म्हणजे बाबा.

मी बाबांना सांगितलं. मी रडलेसुद्धा. आम्ही सगळ्या मुली हॉटेलात गेलो. मला वाटलं होतं ते चंदरशेठला घाबरतात. तसं नाही काका. ते म्हणाले, की आता वाकलो तर घोटीवाला जन्मभर हसेल. तुम्ही एक टोमणा मारलात की बाबा शेठच्या जवळ आणखी एक खुर्ची सरकतात. शेठ मला समजवता येईल एक वेळ, पण तुमचं मी काय करू?

तुम्ही दोघं इतके दिवस मालकाचं बरोबर की समितीचं बरोबर यावर भांडताय. खेळणाऱ्या सात जणींना काय वाटतं, हे कुणीच विचारलं नाही. मला खेळायचंय. पुढच्या वर्षी मला कुणी बघायला येणार नाही.

तुम्ही कधीच हरत नाही हे मला ठाऊक आहे. पत्ते खेळतानाही नाही. तरी एकदा हरा ना काका.

तुमची,
सायली

ता. क. उत्तर मला नको, बाबांना लिहा.


घोटी,
१८ जानेवारी २०२६

सन्माननीय गोरक्षराव यांस,
खंडेरावचा नमस्कार. आशीर्वाद नव्हे, नमस्कार. पुन्हा वाचा हवं तर.

तिळगूळ मिळाला. गोड होता. रथसप्तमीपर्यंत गोड बोलायचं असतं, म्हणून लिहितो असं समजू नका.

त्या रविवारच्या चढाईची गोष्ट. एका पोराच्या मोबाईलवर त्या सामन्याचं चित्रण मिळालं. चारदा पाहिलं. सायलीचा हात रेषेला लागला होता. पंच चुकला. तुम्ही बरोबर होतात आणि मी चूक. (इथे अडीच ओळी होत्या. तुमच्या मेहुणीने खोडायला लावल्या. ती लाटणं घेऊन शेजारी बसली आहे.)

तेव्हा गोरक्षराव, हरलो. या वादात तुम्ही जिंकलात. हे पत्र खुशाल हॉटेलात वाचा, भिंतीला चिकटवा. गिरणीवर मी सगळ्यांना सांगितलंय, की लासलगावला कुणी हसला तर त्याची गाठ माझ्याशी आहे.

जिंकलेल्या माणसाला वाकायला काही लागत नाही, हरलेल्याचंच कंबरडं मोडतं. माझं मोडलंय, सध्या शेकतो आहे. तुम्ही जिंकलेले आहात, तर मोठ्या मनाने संघप्रमुख म्हणून उभे राहा आणि पोरीला खेळवा. एवढं मागणं आहे. (आणखी एक ओळ खोडली.)

लताबाईंना नमस्कार. लेकीच्या डोक्यावरून हात फिरवा.
आपला पराभूत,
खंडेराव


लासलगाव,
२ फेब्रुवारी २०२६

ती. खंडेराव दाजी यांस,
गोरक्षचा शि. सा. न. साडूला दाजी म्हणत नाहीत, पण आज म्हणतो.

तुमचं ते पत्र मी हॉटेलात तीनदा वाचलं. लोकांनी मला खांद्यावर घ्यायचंच बाकी ठेवलं. दुपारी गर्दी पांगली आणि मला काही सुचेना. भांडायला समोर कुणी उरलंच नव्हतं. तसाच शेठच्या गाळ्यावर गेलो आणि सांगितलं, की मी नाशिकला जातो. शेठ म्हणाले, की जा, पण मग तुझ्या हॉटेलची पायरी मी चढणार नाही. नका चढू, म्हटलं. आता ते समोरच्या टपरीवर बसतात, तोंड आमच्याकडे करून.

चपला काढून मॅटवर उभा राहिलो आणि माफी मागितली. पंच तरणाताठा, मला काका म्हणाला. पुढचं तुम्ही पाहिलंच. दोन गुणांनी हरलो. पण शेवटच्या चढाईत सायली तिघींच्या पकडीतून सुटली तेव्हा घोटीच्या गर्दीतून एकच माणूस बोंबलला, की पळ सायली, पळ! तुमच्याच लोकांनी तुम्हाला धरून बाजूला बसवलं म्हणे, आणि घारींच्या समर्थक मंडळातून वर्षभर काढलं. तुम्ही शिट्टी वगैरे नेली नाही ना कुणाची?

परतीच्या एसटीत मी सायलीला ते चित्रण दाखव म्हणालो. ती हसायला लागली. म्हणाली, की असं चित्रण कुठे नाहीच. त्या दिवशी ती खरंच बाद होती, हात रेषेच्या वीतभर अलीकडेच राहिला होता. मग तिने डब्यातल्या पत्राचंही सांगितलं. अहो, म्हणजे पंच बरोबर, समिती बरोबर, तुम्ही पहिल्यापासून बरोबर, आणि तरी हरलात! मला लय राग आला. विंचूर येईपर्यंत मी खिडकीबाहेर तोंड करून बसलो होतो. रडत नव्हतो असं म्हणणार नाही.

काल राज्याच्या संघाची यादी लागली. सायलीचं नाव आहे, हे तुम्हाला सांगायला नको. मी तिच्यासमोर उभा होतो, तिला जवळ घ्यायला हात पुढे करून. तिने यादी वाचली आणि पहिला फोन तुम्हाला लावला, ठमाबाईंच्या नंबरवर. तुमचं बोलणं होईपर्यंत मी तसाच उभा राहिलो. वाईट वाटलं. बापाला वाटणारच. पण मधे बोललो नाही, फोन ओढून घेतला नाही. ती सावकाश बोलली, मग माझ्या पाया पडली.

ठमाबाईंना नमस्कार. लोभ आहेच, तो जरा मलाही शिकवा.
या वेळी खरोखर हरलेला,
आपला गोरक्ष