सोपी सोंगटी

बाबा, आज ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये टीव्ही चालू होता आणि मी जेवण अर्धवट टाकून उठले. परदेशातली कुठलीशी मोठी गोल्फची स्पर्धा दाखवत होते. साठीला टेकलेला एक गोल्फर सगळे दिवस पुढे होता आणि अगदी शेवटी, चार पावलांवरून, चेंडू खळग्यात घालायचा चुकला. गोल्फमधलं मला ओ की ठो कळत नाही. पण चेंडू कडेला जाऊन थांबला तेव्हा त्या माणसाची मान ज्या तऱ्हेने खाली गेली, ती मान मी ओळखते. मैदानावरचे लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते, काही तर रडत होते, आणि आमच्या टेबलावरचे साहेब घास चावता चावता म्हणाले, "हारकर भी दिल जीत लिया, मैडम." सगळ्यांनी माना डोलावल्या. मला वाटलं, ओरडून सांगावं की त्याला तुमचं दिल नको होतं हो, त्याला तो कप हवा होता. ओरडले नाही. डबा बंद केला आणि बाहेर रुंद, रिकाम्या रस्त्याच्या कडेला जरा वेळ उभी राहिले.

तुमचा सामना झाला तेव्हा राज्य नवं होतं. रायपूर राजधानी झालं म्हणून सगळ्यांच्याच अंगात आलं होतं, चौकाचौकात पाट्या बदलत होत्या, आणि कॅरमचं राज्य अजिंक्यपदही आपल्याच गावात ठेवलं होतं. तुम्ही रेल्वेच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले, गुडघे धरून उठणारे, सोंगट्या नीट दिसाव्यात म्हणून वेगळा चष्मा करून घेतलेला. तरुणपणी नागपूरकडे तुमच्या हाताचं नाव होतं, पण मोठी स्पर्धा म्हणून एकही पदरात पडली नव्हती. कधी ड्यूटी आडवी आली, कधी आईचं आजारपण, कधी आम्ही. हे तुम्ही कधी बोलून दाखवलं नाहीत. फक्त नाव नोंदवून आलात त्या संध्याकाळी आईला म्हणालात, "एकदा जिंकून पाहू दे मले. मंग काही नाही मांगणार." आई पोळ्या लाटत होती. ती म्हणाली, "गुडघे सांभाळजा म्हणजे झालं."

फायनलला समोर होता गावाबाहेर उरल्याच्या कारखान्यांत, एका रोलिंग मिलमध्ये शिफ्टला जाणारा एक तरुण पोरगा. मितभाषी, हडकुळा, खाली मान घालून खेळणारा. हॉल खचाखच भरलेला आणि सगळा तुमच्या बाजूचा. त्या पोराची सोंगटी चुकली की लोक शिट्ट्या मारायचे आणि तुम्ही कपाळाला आठ्या घालून मागे वळून बघायचात. तिसरा गेम, शेवटचा बोर्ड. तुमची एकच सोंगटी उरलीय आणि राणी. तुम्ही राणी घेता, अशी काही लांबून घेता की हॉल हादरतो. राणीला आता फक्त कव्हर हवं आहे, म्हणजे लगेच पुढच्या फटक्यात ती आपली एक सोंगटी पॉकेटमध्ये घालायची, की संपलं. आणि ती सोंगटी पॉकेटच्या तोंडाशीच बसलेली. शाळेत असताना मीसुद्धा घातली असती. तुम्ही चष्मा पुसता, बोटांना पावडर लावता. सोंगटी जाते, पॉकेटच्या कडेला घासते, थरथरते आणि थांबते. पंच राणी उचलून परत मधोमध ठेवतो. मग तो पोरगा राणी घेतो, कव्हर घेतो, उरलेल्या सोंगट्याही घेतो. तुमची मान खाली जाते.

आणि मग टाळ्या. जिंकलेल्याला मिळाल्या नाहीत तेवढ्या तुम्हाला. लोकांनी तुम्हाला जवळजवळ उचललंच. कोणी पाया पडतोय, कोणी फोटो काढतोय, कोणी म्हणतोय, "असली चैंपियन तो आप हो, काकाजी." तो पोरगा कप हातात घेऊन एका कोपऱ्यात उभा होता. आठवड्याभराने आपल्या गणेशोत्सव मंडळाने तुमचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला. बोलायला उभा राहिलेला प्रत्येक जण "या वयात" म्हणाला. आईला कोण कौतुक वाटत होतं! परतताना रिक्षात तुम्ही नारळ मांडीवर घेऊन बसला होतात. मला विचारलंत, "मी हारलो ना वं? मंग हे काहून देऊन राहिले मले?" मी म्हटलं, बाबा, लोकांना तुमचा अभिमान वाटतो. तुम्ही रिक्षाबाहेर बघत राहिलात.

त्यानंतर जे झालं त्याचा राग माझ्या डोक्यातून अजून जात नाही. तुम्ही रोजच्यासारखे रेल्वेच्या इन्स्टिट्यूटमध्ये, त्या क्लबात, खेळायला जायचात आणि पोरं उठून उभी राहायची. खुर्ची द्यायची, चहा मागवायची, आणि हरायची. सगळी. ज्यांनी पूर्वी तुम्हाला हक्काने धुतलं होतं तीसुद्धा. उभा जन्म बोर्डासमोर गेलेला तुमचा. चुकलेला फटका कुठला आणि चुकवलेला कुठला हे तुम्हाला नुसत्या आवाजावरून कळायचं. तुम्ही चिडलात, म्हणालात, नीट खेळा रे पोट्टेहो. ती हसायची. मग एका संध्याकाळी तो उरल्याचा पोरगा आला, शिफ्ट संपवून, सायकल मारत. तुमच्यासमोर बसला आणि म्हणाला, "एक बोर्ड, बाबूजी?" मी तुमचा डबा घेऊन आले होते म्हणून मला हे दिसलं. कितीतरी दिवसांनी तुम्ही ताठ बसलात. तुम्हाला वाटलं, हा तरी खेळेल. तोही हरला. उठून तुमच्या पाया पडला, अगदी मनापासून, आणि म्हणाला, "आपसे कौन जीत पाएगा, बाबूजी." तुम्ही म्हणालात, "हव." इथल्या लोकांचं हे "हो" तुम्ही कधी उचललं कोण जाणे, पण तुम्ही ते एकाच वेळी वापरायचात: समोरच्याचं पटलेलं नाही आणि बोलणं संपवायचं आहे तेव्हा.

घरी येऊन तुम्ही स्ट्रायकर कापसात गुंडाळून कपाटात ठेवलात, त्या शालीच्याच बाजूला. पुढे दरवर्षी स्पर्धेला बोलावणं यायचं, पण उद्घाटनाला. हार घालायचे, पहिला फटका मारायला लावायचे, फोटो काढायचे आणि हाताला धरून पुढच्या सोफ्यावर नेऊन बसवायचे. खेळणार का, असं कुणीही विचारलं नाही. दुष्ट कोणीच नव्हतं हो. सगळ्यांचं प्रेमच होतं. त्या प्रेमाने तुमचा खेळ संपवला आणि मी घरातल्या घरात बघत राहिले. तुम्ही हळूहळू बोलायचं कमी केलंत, मग जेवायचं.

शेवटच्या उन्हाळ्यात मी रजा घेऊन घरी होते. दुपारी कूलरसमोर तुम्ही म्हणालात, "बोर्ड काढ." आई स्वयंपाकघरात होती. मी पलंगावर बोर्ड मांडला, तुमच्या पाठीला उशा लावल्या. तुम्ही म्हणालात, "पोट्टी, नीट खेळजो. उपकार नको करू." आणि मी नीटच खेळले, बाबा. तुम्हीच शिकवलेलं होतं. माझ्या दोन सोंगट्या उरल्या, तुमच्या पाच, राणी मध्येच. माझी एक अगदी पॉकेटच्या तोंडाशी. मी मारली आणि ती कडेला घासून थांबली. मग तुम्ही खेळायला लागलात. स्ट्रायकरला लागेपर्यंत तुमची बोटं थरथरत होती, एकदा लागली की नाही. एक गेली, दुसरी गेली, राणी गेली, कव्हर गेलं, उरलेल्याही गेल्या. तुम्ही मान वर केलीत आणि क्षणभर तुमचा चेहरा त्या हॉलमधला होता, राणी घेतली तेव्हाचा. मग तो उतरला. "ते सोपी होती," तुम्ही म्हणालात. "कशी चुकली वं तू?"

"खरंच चुकली, बाबा."

तुम्ही माझ्याकडे बघत राहिलात. मग म्हणालात, "हव," आणि सोंगट्या गोळा करायला लागलात. बोर्ड परत निघाला नाही. पावसाळ्याआधी तुम्ही गेलात.

सोपी सोंगटी चुकते, हे तुमच्यापेक्षा जास्त कुणाला ठाऊक होतं? एवढ्या वर्षांत तुम्ही खराखुरा जिंकलेला तो एकच बोर्ड, आणि तो पोरीने सोडून दिला असं समजून तुम्ही गेलात. हे आता कुणाला पटवून देऊ? हा कागद त्या शालीच्या घडीत ठेवेन, दुसरीकडे कुठे पाठवणार. फक्त एक सांगायचं राहतंय. ती सोंगटी खरंच चुकली होती. पण ती चुकल्यावर मी मनात ठरवलं होतं, की आता पुढची मुद्दाम सोडायची. तुम्ही माझी पाळी येऊच दिली नाहीत. "खरंच चुकली" म्हणताना ते ठरवलेलं अजून माझ्या चेहऱ्यावर होतं, आणि तुम्ही तेच पाहिलंत.